त्यांना आमचे डोंगर नको होते

चमनशेठ आमच्या मळ्यात राहायला आले तेव्हा घरात त्यांच्यावर विश्वास ठेवणारं फक्त आमचं कुत्रं होतं, आणि त्या कुत्र्याची अक्कल आम्हाला ठाऊक होती. दादा, म्हणजे माझे वडील, त्यांच्याशी गोड बोलायचे आणि ते पाठमोरे झाले की डोळे बारीक करून पाहत राहायचे. नाना, माझे चुलते, गोड बोलण्याच्याही भानगडीत पडले नाहीत. आईचं तर सरळच होतं. ती म्हणायची, “एवढ्या वयाचा माणूस केस काळं करतो, म्हंजी कायतरी लपवतोयच.” मी तेव्हा मॅट्रिकला बसायच्या वयाची, घरातली एकुलती लेक. मोठ्यांच्या नजरा बघून मीही संशय घ्यायला शिकत होते.

आमचा मळा कुकडीच्या काठाला, येडगावच्या अंगाला. तीन खणांचं घर, पुढं पडवी, बाजूला गोठा, आणि थोडं खाली उतरलं की विहीर. सकाळी मोटेच्या चाकाची कुरकुर सुरू व्हायची, तिच्या वर दादांचा बैलांना हाकारण्याचा आवाज, आणि आत आईची भाकरी थापायची टपटप. मात्र त्या दोन-तीन वर्षांत या आवाजांत आणखी एक भर पडली होती. नदीच्या खालच्या बाजूला धरणाचं काम निघालं होतं आणि दुपारच्याला तिथं सुरुंग उडायचे. धप्प असा आवाज आला की फळीवरची भांडी एकमेकांना लागायची, आणि आई हातातलं काम थांबवून फळीकडं बघायची. पाणी कुठवर येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. एक साहेब सांगायचा, तुमचा मळा सुटला. दुसरा सांगायचा, अर्धा जाईल. तिसरा काही सांगायचाच नाही, नुसता खुणेचा दगड रोवून जायचा. त्यामुळं आमच्याकडं कुणी अनोळखी माणूस बांधावर उभा दिसला की त्याला आधी पाणी विचारलं जात नसे. तो कुठल्या ऑफिसचा, हे विचारलं जाई.

अशा दिवसांत एका सकाळी धुळीनं पांढरी झालेली काळी मोटार आमच्या वाटेवर येऊन थांबली. तिच्यातून उंच, म्हातारा माणूस उतरला. पांढरा पायजमा, तपकिरी कोट, हातात काठी. त्यानं आमच्यापैकी कुणाकडं पाहिलंच नाही, थेट विहिरीपाशी गेला. तिला एक फेरी मारली, मागं सरकला, गुडघ्यावर बसला, पुन्हा उठला. मग दादांना विचारलं, “ये कुआँ किसका है?”

“कशाला पायजे?” दादा म्हणाले.

त्यानं सांगितलं की आपण सिनेमे काढतो, पंजाबी सिनेमे, आणि ही विहीर आपल्याला सिनेमात पाहिजे. नाना गोठ्यातून शेणाच्या हातानंच बाहेर आले. “पंजाबी शिणेमा पंजाबात काढत्यात. जुन्नर तालुक्यात काय ठेवलंय?”

पाहुण्यानं सांगितलं की मुंबईहून भीमाशंकराच्या दर्शनाला निघालो होतो, वाटेत हे ठिकाण दिसलं. नाना हसले. भीमाशंकराची वाट मंचरावरनं फुटते, घोडेगावाकडं जाते. तिथून एवढं पुढं, नारायणगाव ओलांडून, येडगावला कोण कशाला येईल? पाहुणा म्हणाला, ड्रायव्हर चुकला. सगळ्यांनी ड्रायव्हरकडं पाहिलं. तो मोटारीच्या सावलीत बसून तंबाखू मळत होता. त्यानं मान वर केली नाही.

एवढं होऊनही दादांनी त्यांना विहिरीजवळची खोली राहायला दिली, ती का, याचं उत्तर त्यांनी आईला त्याच दुपारी दिलं. “हा सरकारचा माणूस असंल तर कुठं ना कुठं ऱ्हाणारच. मंग डोळ्यांम्होरं असलेला बरा.” चमनलाल हे त्यांचं नाव. आठ दिवसांत गावानं त्यांचा चमनशेठ केला.

चमनशेठ एकटेच राहिले. मोटार मुंबईला परत गेली. बाकीची माणसं, यंत्रं, नटनट्या मागाहून येणार असं ते सांगत. तोवर ते रोज सकाळी कापडी टेप घेऊन निघायचे. विहिरीपासून बांधापर्यंत, बांधापासून कडुलिंबापर्यंत मापायचे, कागदावर बाण काढायचे, गळ्यातल्या कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचे. दादा नांगरट सोडून त्यांच्या मागं चार पावलांवर चालत राहायचे. एकदा दादांनी विचारलंच, मापता काय? तर ते म्हणाले, “तुम्हारे पहाड से बचना है.” पंजाबात त्यांच्या मुलखात डोंगर नाहीत, सपाट रान, कालवे आणि गहू. त्यामुळं कॅमेरा असा लावायचा की शिवनेरी दिसता कामा नये, लेण्याद्रीकडचे डोंगर दिसता कामा नयेत. दादांनी हे संध्याकाळी पारावर सांगितलं आणि गाव चिडलं. बाहेरून येणारा जो तो शिवनेरी बघायला येतो, आणि याला शिवनेरी नको? नाना म्हणाले, “ज्याला शिवनेरी नगं, त्याच्या मनात काय असंल, तुमीच बघा.” आमच्या विहिरीवर उभं राहून डोंगर टाळायचे म्हणजे एकाच दिशेला तोंड करावं लागतं, पूर्वेला, नदीच्या खालच्या अंगाला. म्हणजे धरणाकडं. हे तेव्हा कुणी बोललं नाही. पुढं सगळं त्याच्यावरच आलं.

त्यात भर म्हणून चमनशेठनी दादांना गळ घातली की विहिरीपुढच्या तुकड्यात मोहरी पेरा. आमच्याकडं मोहरी फोडणीपुरती. सबंध तुकडा कुणी पेरत नाही. दादांनी पेरली. सुतारानं चमनशेठच्या सांगण्यावरून एक मोठं चाक करायला घेतलं, डबे बांधलेलं. तिकडं त्याला रहाट म्हणतात, मोट नसते. शेजारपाजारचे लोक ते चाक बघायला यायचे आणि काहीतरी यंत्र बसवतायत म्हणून सांगत फिरायचे.

आईचं आणि त्यांचं एकदा चांगलंच वाजलं. ती पाणी शेंदत होती, आणि चमनशेठ लिंबाखाली उभे राहून दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून बघत होते. आईनं दोर सोडून दिला. बादली खाली धडधडत गेली. पदर कमरेला खोचून ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. “बोटं खाली करा. माझ्या लेकीच्या वयापासनं या हिरीवर पाणी वढतीय मी, कुणाची अशी बघायची टाप न्हाई झाली.” चमनशेठना मराठी कळत नव्हतं, पण हे कळलं. त्यांनी हात जोडले आणि हिंदीत म्हणाले की भाभीजी, मी तुम्हाला बघत नव्हतो, माझ्या आईला कुठं उभी करायची ते बघत होतो. मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा आई आणखीच बुचकळ्यात पडली. “त्याची आय कुठनं आली आता?”

त्या दिवशी घरात मासवड्या होत्या. दादांनी वाद मिटावा म्हणून त्यांना पडवीत जेवायला बोलावलं. मासवडी हे नाव ऐकून चमनशेठनी ताट मागं सारलं. मासे आपण सोडलेत म्हणाले. मग दादांनी हसत हसत त्यांना सांगितलं की हे बेसन, आत तीळ, खोबरं, मासा नुसता नावाला. त्यांनी एक तुकडा मोडून वास घेतला, आईकडं पाहिलं, जणू तिनं काही कालवलं असेल, आणि खाल्ला. मग त्यांनी रस्सा तीनदा मागून घेतला आणि त्या जेवणावर त्यांनी आम्हाला आपली हकीकत सांगितली. 

चिनाब नदीच्या कालव्यावरचं गाव. वडिलांचं कापडाचं दुकान. गावात तंबूतला मुका सिनेमा आला आणि हे त्याच्याबरोबर पळून गेले; यंत्राचं हँडल फिरवायचं काम मिळालं. पुढं सिनेमा बोलायला लागला, पण हिंदी-उर्दूत. लाहोरात त्यांनी पंजाबीत सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा लोक हसले. ही बैलांना शिव्या घालायची भाषा, ती ऐकायला तिकीट कोण काढणार? पण सिनेमा लागला आणि खेड्याखेड्यांतून बैलगाड्या आल्या. माणसं पडद्यावरच्या माणसांना उत्तरं द्यायची. एक म्हातारी उठून खलनायकाला म्हणाली होती, थांब, तुझ्या बापाला सांगते. हे सांगताना चमनशेठ इतके हसले की रस्सा कोटावर सांडला. मग फाळणी झाली. स्टुडिओ जळला, सिनेमांच्या पेट्या तिकडंच राहिल्या. मुंबईत येऊन त्यांनी पुन्हा पंजाबी सिनेमे काढले, पण चालेनात. “देखनेवाले आधे उधर रह गये,” ते म्हणाले. हे सगळं ऐकून मला वाईट वाटलं, आणि ते गेल्यावर दादा म्हणाले, “बोलतो झ्याक. खरं किती ते त्याचं त्याला म्हाईत.” दादांनी त्यांना त्यांच्या आईबद्दलही विचारलं होतं. ती आपल्या लहानपणीच गेली, असं त्यांनी सांगितलं होतं.

मोहरी फुलायला लागली आणि पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. मुंबईच्या मोटारी येणार होत्या त्या राहिल्या. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून सगळीकडं खिडक्यांना कागद चिकटवले, पोलीस पाटलानं दवंडी दिली की अनोळखी इसम दिसला तर कळवावं. आमच्या गावात अनोळखी इसम एकच होता. चमनशेठना एकाएकी कुणी हाक मारेनासं झालं. दुकानदार म्हणाला साखर संपली, आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या मला ती दिली. 

कुणी कळवलं हे आजही मला माहीत नाही. दादांचा संशय नानांवर होता, नानांचा सुतारावर. माझा, सांगायला हरकत नाही, आईवर होता, कारण आदल्या दिवशी ती पाटलाच्या घरी मिरची कुटायला म्हणून गेली होती आणि मिरची घरीच राहिली होती. मी तिला कधी विचारलं नाही. तिनं खरं सांगितलं असतं, याची भीती वाटायची.

सकाळी न्याहारीच्या वेळेला जुन्नरहून जमादार आले. त्यांनी खोलीतलं सामान बाहेर काढलं आणि चमनशेठसकट सगळं चावडीवर नेलं. सगळा गाव जमला. बायका देवळाच्या भिंतीला उभ्या राहिल्या, त्यांत आई आणि मी. जमादारांनी ओट्यावर एकेक वस्तू मांडली. टेप. कॅमेरा. मापं टाकलेले कागद, त्यांवरचे सगळे बाण धरणाकडं तोंड केलेले. फोटो, त्यांतही तीच बाजू. आणि शेवटी हातानं लिहिलेला कागदांचा जाड गठ्ठा, उजवीकडून डावीकडं जाणारा. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “पाकिस्तानची भाषा!” चमनशेठ म्हणाले, ही सिनेमाची कहाणी आहे, आम्ही जुने लोक अशाच अक्षरात शिकलो. जमादार म्हणाले, “ते बघू आमी.” 

जुन्नरमधून एका वयस्कर उर्दू मास्तरांना जीपमधून आणलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “अक्षर उर्दू आहे,” ते म्हणाले, “पण भाषा उर्दू नाही. मला अर्थ लागत नाही.”

“म्हणजे सांकेतिक?” जमादारांनी विचारलं.

“मी तसं म्हणालो नाही. मला कळत नाही, एवढंच म्हणालो.”

पण गर्दीला पहिलंच ऐकू आलं होतं. पुढची माणसं ओट्याला चिकटली. नानांच्या हातात चाबूक होता. मला आठवतं, ते बैल सोडून तसेच आले होते. चमनशेठ पहिल्यांदा घाबरलेले दिसले. काळ्या केसांच्या मुळाशी पांढरे केस फुटले होते, कारण इतके दिवस कलप मिळाला नव्हता. त्यांनी जमादारांना काहीतरी हळू विचारलं, आणि जमादारांनी थोडा विचार करून मान हलवली.

चमनशेठ ओट्याखाली उतरले. कोट काढला. खांद्यावरची शाल त्यांनी डोक्यावरून घेतली, बाईसारखी, आणि पुढ्यात विहीर असल्यासारखे वाकून पाणी ओढायला लागले. गर्दीत हशा पिकला. एवढा उंच म्हातारा, बारीक आवाज काढून पंजाबीत बोलतोय. मग शाल खांद्यावर टाकून ते पुरुष झाले, लांबून चालत आलेले, थकलेले. पाणी मागितलं. परत शाल, परत म्हातारी. तिनं ओंजळीत पाणी घातलं, कोण, कुठला विचारलं. पुरुषानं तोंड फिरवलं. “पी लै, पुत्तर,” म्हातारी म्हणाली, आणि पुढं बरंच काही. शब्द कळत नव्हते, पण हा मुलगाच आहे आणि आई त्याला ओळखत नाही, हे देवळाच्या भिंतीला उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला कळलं. हशा कधी थांबला ते समजलं नाही. नदीकडं सुरुंग उडाला तरी कुणी मान वळवली नाही.

जमादार मात्र हललेले नव्हते. ते म्हणाले, “आता परत करा. तसंच्या तसं.” गठ्ठा त्यांनी मास्तरांच्या हातात दिला. “मास्तर, अर्थ राहू द्या. हा बोलतो तेच अक्षर तिथं आहे का, एवढं बघा.” चमनशेठनी सांगितलं, वरून अमुक पानं सोडून. मास्तरांनी पान काढलं. चमनशेठ पुन्हा सगळं बोलले, आणि मास्तर ओळीवर बोट फिरवत गेले. मध्ये एकदा बोट थांबलं. मास्तर म्हणाले, “इथं एक ओळ गाळली यांनी.” चमनशेठनी डोळे पुसले, आणि हिंदीत म्हणाले की ती ओळ वाईट होती, मी आताच काढून टाकली.

जमादारांनी त्यांना अटक केली नाही, पण सोडलंही नाही. कॅमेरा आणि फोटो ठेवून घेतले. लढाई संपेपर्यंत गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि जामीन कोण राहतं, असं विचारलं. पुढची माणसं ओट्यापासून मागं सरली. मग दादा पुढं झाले. “माझ्या मळ्यात ऱ्हातोय. काय इपरीत झालं तर मला धरा.” घरी येताना आई त्यांच्यावर कडाडली, पदरी लेक असलेल्या माणसानं असलं काही करावं का म्हणून. दादा म्हणाले, “माझा अजून भरवसा न्हाई त्याच्यावर. पण खोट्या माणसाला लोकांम्होरं येवढं हसं करून घेता येत न्हाई.”

ते दिवस चमनशेठनी विहिरीच्या काठावर बसून काढले. समोर मोहरी पिवळी धम्मक फुलली, सगळ्या तालुक्यात तसा तुकडा नव्हता, आणि कॅमेरा जुन्नरला कुलपात. रोज थोडी फुलं झडायची, शेंगा धरायच्या, आणि ते बघत राहायचे. आई माझ्या हातून ताट पाठवायची आणि मी परत येईपर्यंत दारात उभी राहायची. एका दुपारी ती स्वतःच ताट घेऊन गेली. मी मागं होते. तिनं ताट ठेवलं आणि विचारलं, “तुमची आय कुठंय, खरं सांगा.”

त्यांनी सांगितलं की गाव सोडायच्या दिवशी ती आली नाही. म्हैस व्यायला झाली होती. चार दिवसांत सगळं निवळेल, तोवर तुम्ही व्हा पुढं, म्हणाली. विहिरीपाशी उभी राहून निरोप दिला. पुढं तिचं काय झालं ते कळलं नाही. 

आई माघारी वळली. वाटेत मी तिला म्हटलं, दादांना तर त्यांनी सांगितलं होतं की आई लहानपणीच वारली. ती म्हणाली, “म्हाईतंय मला. दोनातलं एक खोटंय.” थोडं चालून म्हणाली, “कोणचं, ते सांगता येत न्हाई.” आता आईच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेल्यावर मला वाटतं, की चारचौघांत विचारलं तर माणूस सोपं उत्तर देतो. पण हे माझं वाटणं आहे. नातवानं मोबाइलवर त्यांचं नाव शोधलं, काही सापडलं नाही.

लढाई संपली, कॅमेरा परत मिळाला, आणि गव्हाला ओंब्या आल्यावर मुंबईची माणसं दोन मोटारी भरून आली. मोहरीऐवजी गहू चालवून घेतला. रहाट एकदाचा बसला. एका नटीला म्हातारी केली होती. तिला डोक्यावरून पदर घेऊन पाणी ओढता येईना, म्हणून आईनं तिला तीनदा दाखवलं, कपाळाला आठ्या घालूनच. जाताना चमनशेठ दादांच्या गळ्यात पडले, आईला वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, सिनेमा लागला की मोटार पाठवीन. नाना म्हणाले, “बघू.” मोटार आली नाही. सिनेमाही आल्याचं ऐकलं नाही. धरण पुरं झालं, आणि पाणी ज्या साहेबानं काहीच सांगितलं नव्हतं त्याच्या दगडापर्यंत आलं. घर, गोठा, लिंब, विहीर, सगळं त्यात गेलं. दादांनी नारायणगावाकडं दुसरी जमीन घेतली, पण त्या जमिनीत त्यांचं मन रमलं नाही.

माझं लग्न होऊन मी मुंबईला शीवला राहत होते. आई माझ्याकडं आली असताना आमच्या मालकांच्या ऑफिसातल्या एका पंजाबी गृहस्थांनी सांगितलं की कोळीवाड्याकडच्या थिएटरात रविवारी सकाळी एक पंजाबी सिनेमा आहे, जुना, बरीच वर्षं अडकलेला. त्यात विहिरीवर मुलाला न ओळखणारी आई आहे, असं ऐकलं आणि मी आईला घेऊन गेले. बाहेरच्या पोस्टरवर निर्माता म्हणून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. मी डोअरकीपरला विचारलं, मॅनेजरला विचारलं. चमनलाल हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. आई म्हणाली, “चल आत. आपण पयलंच म्हणत व्हतो.”

थिएटर म्हाताऱ्या माणसांनी भरलेलं होतं. फाळणीत आलेली, काठ्या टेकत आलेली, काहींनी घरून डबे आणलेले. सिनेमा बराच वेळ आमच्या ओळखीचा नव्हता. मग पडद्यावर आमची विहीर आली. रहाट फिरत होता, मागं गहू, त्यापुढं मोकळं आभाळ. एकही डोंगर नव्हता. लिंबाची सावली पडली होती तिथं आई रोज कपडे धुवायची. थिएटरात कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. म्हातारी ओंजळीत पाणी घालायला लागली तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं पडद्याशी बोलायला लागली, त्या न ओळखणाऱ्या आईला सांगायला लागली की अगं, हाच तो.

आईच्या शेजारी एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी तिच्या हाताला हात लावला आणि पडद्याकडं बोट केलं. “बहनजी, ये कुआँ हमारे गाँव का है. लायलपूर के पास. मैंने पिया है इसका पानी.”

मी आईकडं पाहिलं. आता ती त्याला सरळ करणार, हे मला माहीत होतं. आयुष्यात तिनं कुणाची चुकीची गोष्ट तशीच जाऊ दिली नव्हती. तिनं तोंड उघडलं, त्या माणसाकडं नीट निरखून पाहिलं, पदर सारखा केला. मग पडद्याकडं वळून ती म्हणाली,

“व्हय. लई गोड पाणी व्हतं.”